बाबांनी विचारलं, सोयाबीन का पिवळं पडलंय?

ताई,
मी बी.एस्सी. (ऑनर्स) कृषीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गाव जिंतूर तालुक्यात. पाच एकर कोरडवाहू, सोयाबीन-तूर, विहिरीला पाणी राहिलं तर थोडा हरभरा. नीटला मार्क कमी पडले म्हणून कृषीला आले. कॉलेज खासगी आहे. प्रात्यक्षिकाचा प्लॉट नावापुरता, बरंचसं काम जर्नल उतरवून काढण्यातच संपतं. वर्गातली निम्मी मुलं पहिल्या वर्षापासून एमपीएससीची पुस्तकं घेऊन बसतात. मैत्रिणी म्हणतात, पुण्यात क्लास लावू, हजेरीचं बघता येईल. मागच्या जुलैत बाबांनी फोन करून विचारलं, सोयाबीन पिवळं पडलंय, काय करू? मला सांगता आलं नाही. बाबा काही बोलले नाहीत. दुकानातून दोन बाटल्या आणून फवारल्या. काका मात्र सगळ्यांसमोर म्हणाले, एवढी फी भरून पोरीला शिकवतो आणि औषध दुकानदारालाच विचारायचं! दादा म्हणतो, सोड हे, नर्सिंगला जा. मला रात्री झोप येत नाही. पदवी सोडू का? की पुण्याला जाऊ? आणि राहिलेच, तर शिकू कुठून?
– दुसऱ्या वर्षाची एक मुलगी

*

बाळा,

पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना जुलैच्या त्या फोनपाशी थांबले, कारण तो फोन मलाही येऊन गेलाय. फक्त माझ्या वेळी समोर वडील नव्हते, परका शेतकरी होता, आणि मी गप्प बसले नाही. मी उत्तर दिलं, आणि ते चुकलं.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. गोदाकाठच्या एका गावात गेले होते. आठवडाभर झड लागून उघडलेली, बांधावर पाय ठेवायला जागा नाही एवढा चिखल. त्या माणसाचं दोन एकर सोयाबीन पिवळंधमक दिसत होतं. मी बांधावरूनच पाहिलं आणि म्हणाले, नत्र कमी पडलंय, युरिया द्या. त्याने दोन पोती आणून फेकला. दहा दिवसांनी गेले तर सोयाबीन तसंच, तण मात्र गुडघ्याला लागलेलं. तो काही बोलला नाही, तुझे बाबा बोलले नाहीत तसाच. मग मी चपला काढून आत शिरले, खाली बसले आणि एक झाड हातात धरलं. शेंड्याची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. खालची जुनी पानं चांगली काळपट हिरवी. ती लोहाची कमतरता होती. चुनखडीची जमीन आणि वरून साचलेलं पाणी, त्यामुळे मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नव्हतं.

आणि हे मला येत होतं! परीक्षेत हाच प्रश्न चार मार्कांना आला होता. नत्र झाडात फिरतं, म्हणून तुटवडा पडला की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं आणि खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह असं फिरत नाही, म्हणून पिवळेपणा शेंड्यापासून सुरू होतो. शब्दन्‌शब्द लिहिलं होतं, चारपैकी चार मिळाले होते. पण पान बघायला मी वाकले नव्हते.

तुझंही तसंच झालंय, आणि म्हणूनच मी तुला पदवी सोड असं सांगणार नाही. पहिल्या वर्षात मृदाशास्त्र झालं, अन्नद्रव्यं झाली. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर तुझ्या वहीत होतं. बाबांना उलट काय विचारायचं, ते मात्र तुला कुणी शिकवलं नव्हतं. आता शिकून घे, पुढचा जुलै काही लांब नाही.

बाबांचा फोन आला की आधी विचारायचं, पिवळं वरचं पान आहे की खालचं? वरचं असेल आणि शिरा हिरव्या असतील तर लोह. मग विचारायचं, पाणी साचलं होतं का? आधी चर काढून पाणी वाहतं करायचं, वापसा आला, म्हणजे चिखल जाऊन बेताची ओल राहिली, की कोळपणी करायची म्हणजे मुळांना हवा मिळते. कित्येकदा तेवढ्यानेच पीक आठ-दहा दिवसांत हिरवं होतं. नाहीच झालं तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, १० लिटर पाण्याला ५० ग्रॅम आणि जोडीला २५ ग्रॅम चुन्याची निवळी, अशी फवारणी. खालची पानं सरसकट फिकी असतील तर एक झाड मुळासकट उपटायला सांग. ओढून नको, खुरप्याने मातीसह. मुळावरच्या गाठी नखाने फोडायच्या. आतून गुलाबी-लालसर असतील तर जिवाणू कामाला लागलेत, हवेतलं नत्र झाडाला मिळतंय. पांढऱ्या किंवा हिरवट असतील, किंवा गाठीच नसतील, तर नत्राची शंका खरी, आणि पुढच्या वर्षी पेरताना बियाण्याला रायझोबियम, म्हणजे या गाठी करणारे जिवाणू, लावायचं हे तिथेच ठरलं. शेतात मधेच एखादं-दुसरं झाड पिवळ्या-हिरव्या ठिपक्यांचं, बाकीचं रान बरं, आणि हलवलं की पांढरी माशी उडते, तर तो पिवळा मोझॅक, विषाणूचा रोग. ती झाडं दिसताक्षणी उपटून नष्ट करायची, बाकी पिकात माशीचा बंदोबस्त बघायचा. आणि पिवळेपणा नाही, पण एखादं पान किंवा फांदी माना टाकून वाळतेय, देठावर एकमेकांजवळ दोन गोल खापा दिसतायत, तर ती चक्रीभुंगा ही कीड.

चार-पाच प्रश्न झाले. फोनवर पाच मिनिटं लागतात. दुकानात गेलेल्या तुझ्या बाबांना यातला एकही प्रश्न कुणी विचारला असेल का? त्या दोन बाटल्यांत काय होतं हे तुझ्या पत्रात नाही. बहुधा तुलाही माहीत नाही. रिकाम्या बाटल्या गोठ्यात किंवा बांधावर पडल्या असतील तर लेबलाचे फोटो मागव. घटक कोणता, प्रमाण किती, लेबलवर सोयाबीन आहे का, एवढं वाच. कीटकनाशकावर हा एक धडा तुझ्या घरच्या पैशांनी आधीच झालेला आहे, तो वाया जाऊ देऊ नकोस.

आता काकांचं बोलणं. ते टोचलं, टोचणारच. पण काका फी म्हणाले, तर आधी फीचंच बघ. २०२४-२५पासून राज्य सरकारने मुलींसाठी व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आणि केंद्रीभूत प्रवेशप्रक्रियेतून आलेल्या मुलींना ते लागू आहे, आणि कृषी त्यात येतं. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या योजना आधीपासून आहेतच. तुमच्या घरी कुणी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, अर्ज भरला का? भरला असेल तर तो कुठे अडकलाय? कॉलेजच्या कार्यालयात जाऊन विचार, मोघम उत्तर मिळालं तर लेखी अर्ज देऊन पोच घे. मी असे अर्ज केवळ एका उत्पन्नाच्या दाखल्यापायी वर्षभर पडून राहिलेले पाहिलेत. हे काम याच आठवड्यात कर.

कॉलेज खासगी आहे म्हणून तू दबून लिहिलंयस. प्रमाणपत्र कॉलेजचं नसतं, विद्यापीठाचं असतं. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या चारांपैकी ज्याला तुझं कॉलेज संलग्न आहे त्याची पदवी तुला मिळणार, तीच जी विद्यापीठाच्या स्वतःच्या महाविद्यालयातल्या मुलीला मिळते. फरक आहे तो मातीत हात घालायला मिळण्याचा. तो मोठा आहे, मी त्यावर पांघरूण घालणार नाही. चाळीस मुलं, एक खुरपं आणि जर्नलमध्ये आदल्या वर्षीच्या मुलाचं अक्षर, हे शिक्षण नव्हे. तुम्ही मुलांनी मिळून प्राचार्यांकडे प्लॉट मागायला हवा. पीकनिहाय पट्टे, प्रत्येक गटाला आपला, पेरणीपासून मळणीपर्यंत. मागणी लेखी करा, सगळ्यांच्या सह्यांनी.

पण ते होईपर्यंत तू थांबू नकोस. तुझ्याकडे पाच एकरांचा प्लॉट आहे! विद्यापीठाच्या वसतिगृहात राहणाऱ्या, शहरातून आलेल्या कित्येक मुलींना तो नाही. तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांकडे तो असेल आणि ती मुलं त्याच्याकडे पाठ करून स्पर्धा परीक्षेचं पुस्तक वाचत असतील. मला याचं फार वाईट वाटतं.

मे महिन्यात घरी गेलीस की दोन कामं कर. पहिलं, मातीचा नमुना. प्रात्यक्षिकात व्ही आकाराचा खड्डा तू जर्नलमध्ये काढला असशील, आता तो खणायचा. शेतात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी, वरचा काडीकचरा बाजूला सारून, वीतभर खोल, साधारण २० सेंटिमीटर. बांधालगतची, झाडाखालची, उकिरड्याच्या जागेची माती घ्यायची नाही. सगळी गोणपाटावर एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा चार भाग, असं अर्धा किलो उरेपर्यंत. वरची माळाची पट्टी आणि खालची काळी, यांचे नमुने वेगळे. कृषी विज्ञान केंद्रात किंवा सरकारी माती परीक्षण प्रयोगशाळेत दे आणि सामू (पीएच), क्षारता, सेंद्रिय कर्ब यांच्यासोबत मुक्त चुना किती तेही मागून घे. तुमच्या रानात चुना जास्त निघाला तर मागच्या जुलैचा अर्धा उलगडा कागदावर मिळेल. ते पत्रक बाबांना वाचून दाखव. 'सामू ८.२ म्हणजे काय गं?' असं त्यांनी विचारलं आणि तुला त्यांना कळेल अशा शब्दांत सांगता आलं, तर मृदाशास्त्र तुला आलं.

दुसरं काम उगवणशक्तीचं, आणि ते मला सगळ्यात आवडतं. घरचं सोयाबीन बियाण्याला ठेवलंय ना? तुमच्याकडे ठेवतातच, आणि ठेवावंच. सोयाबीनमध्ये स्वपरागीभवन होतं, दरवर्षी नवी पिशवी घ्यायची गरज नाही. पण त्या दाण्याचं टरफल फार पातळ. पोतं जोरात आपटलं, थप्पी उंच लावली, तरी आतला अंकुर दुखावतो आणि वरून दाणा टपोरा दिसतो. म्हणून पोत्याच्या वरून, मधून, खालून मूठ-मूठ घे आणि न निवडता शंभर दाणे मोज. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळी लाव, वर दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत. रोज पाणी शिंपड. पाच-सहा दिवसांनी उघड आणि चांगले, सरळ मोड आलेलेच मोज. सत्तर किंवा जास्त भरले तर एकरी ३० किलोचा दर ठीक. साठच भरले तर पाच किलो वाढवायचं. पन्नासच्या खाली असेल तर ते बियाणं पेरू नका, हे बाबांना ठाम सांगायचं. ही गुंडाळी घरात सगळ्यांसमोर उघड. काकाही असू देत. त्यांना ऐकवायचं काही नाही, त्यांच्या घरच्या पोत्यातले शंभर दाणेही मागून घे.

दर रविवारी फोन करायचा आणि वही ठेवायची. तारीख, पेरून किती दिवस झाले, आठवड्यात पाऊस किती, झाड कितव्या पानावर, काय दिसलं, काय केलं, किती खर्च आला. बाबांना झाडाचे तीन फोटो मागायचे: शेंडा, खालचं पान, पानाची मागची बाजू. पानाची मागची बाजू विसरू नकोस, मावा, तुडतुडे, पांढरी माशी सगळे तिथेच. आणि बघ, हे शब्द तुला आधीच येतात. करपा, तांबेरा, भुरी, मर, खोडमाशी हे तू लहानपणापासून ऐकत आलीस. वर्गात ते इंग्रजीतून आले की परके वाटतात, म्हणून वहीत तीन रकाने कर: पुस्तकातला इंग्रजी शब्द, मराठी शास्त्रीय शब्द, आणि तुमच्या गावात काय म्हणतात तो. पेपर पहिल्या रकान्यातून लिहायचा असतो. बांधावर बोलायला तिसरा लागतो.

वर्षातले दोन दिवस राखून ठेव. १८ मे हा परभणीच्या कृषी विद्यापीठाचा स्थापना दिवस, १९७२ सालचा, तेव्हा खरिपाचा मेळावा भरतो. १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिनी रब्बीचा. बियाणं मिळतं, शास्त्रज्ञ भेटतात. बाबांना घेऊन जा. सोयाबीनच्या पैदासकारासमोर उभं राहून, तुमच्या रानाचं पत्रक हातात धरून विचार की या जमिनीला कुठला वाण. दुसऱ्या वर्षाची मुलगी पत्रक घेऊन आली हे पाहून तो माणूस तुला वेळ देईल, एवढं मी अनुभवाने सांगते.

पुण्याच्या क्लासबद्दल. नको. आत्ता तर नकोच. परीक्षा द्यायला माझा विरोध नाही, मी स्वतः देऊनच नोकरीला लागले. पण राज्य कृषी सेवेच्या मुख्य परीक्षेचा मोठा भाग कृषीचाच आहे, बँकांच्या कृषी अधिकारी भरतीत कृषीचा वेगळा पेपर असतो, आणि एम.एस्सी.साठीच्या परीक्षा तर पूर्ण याच विषयांच्या. म्हणजे जे वर्गात सोडून पुण्याला जायचं, तेच पुण्यात पैसे भरून पुन्हा वाचायचं. शिवाय जाहिरात कधी निघेल याचा भरवसा नाही. पंचविशी उलटलेली, अभ्यासिकेच्या खुर्चीत पाच-पाच वर्षं घालवलेली मुलं-मुली मला भेटतात. पदवी हातात आहे पण झाडाला हात लावून चार वर्षं झालेली, त्यामुळे दुसरीकडे जायलाही बिचकतात. चार वर्षं नीट शिक, सातव्या सत्रापासून परीक्षेच्या अभ्यासाला लाग. गणित आणि इंग्रजी मात्र आजपासून रोज अर्धा तास, ते शेवटी उरकत नाही.

नोकऱ्या फक्त सरकारी नसतात हेही डोळ्यांसमोर असू दे. जालना तुझ्या घरापासून फार लांब नाही, आणि ते बियाण्यांचं गाव आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली तिथे बियाण्यांची कंपनी काढली, पुढे १९९८ला त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. तिथे बीजोत्पादनाच्या प्लॉटवर उभं राहून भेसळीचं झाड ओळखणारी माणसं लागतात, आणि ती नजर पुस्तकातून येत नाही. साखर कारखान्यांचे शेतकी विभाग आहेत, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. कीटकनाशकाच्या दुकानाच्या परवान्याला आता शैक्षणिक पात्रता लागते, तुझी पदवी त्यात बसते. म्हणजे काकांनी ज्या दुकानदाराचं नाव काढलं, त्या गल्ल्यामागे उद्या तू बसू शकतेस, आणि बाटली देण्याआधी वरचं पान की खालचं हे विचारू शकतेस. २००२पासून कृषी पदवीधरांसाठी अ‍ॅग्री क्लिनिकची योजना आहे, मोफत प्रशिक्षण आणि कर्जाला अनुदान, तीही पुढे बघ. आणि मुलगी म्हणून एक सांगते, दुचाकी शिकून घे, परवाना काढ. क्षेत्रीय कामाच्या मुलाखतीत पहिल्या पाच मिनिटांत तो प्रश्न येतो, आणि चांगल्या मुली तिथे मागे पडलेल्या मी पाहिल्यात.

दादाला माझा निरोप दे की नर्सिंग हे उत्तम काम आहे, ज्या मुलीला ते करायचंय तिने जरूर करावं. तुझ्या पत्रात मला तशी ओढ कुठे दिसली नाही. झोप उडालीये ती सोयाबीनमुळे.

चौथ्या वर्षी तुम्ही कृषिकन्या म्हणून, म्हणजे अभ्यासक्रमातल्या ग्रामीण कार्यानुभवासाठी, गावात जाल. बीजप्रक्रिया, निंबोळी अर्क, बोर्डो मिश्रण यांची प्रात्यक्षिकं होतील, फोटो निघतील, वर्तमानपत्रात बातमी येईल. ते होऊ दे. पण तिथे एखादं घर निवड, शक्यतो बाईच शेती बघते असं, आणि एका पिकाचा पूर्ण हिशेब तिच्यासोबत बसून लिही, तिच्या स्वतःच्या मजुरीसकट. अर्थशास्त्राच्या पेपरात उत्पादनखर्च काढणं आणि तिच्या ओट्यावर बसून काढणं यातला फरक मी इथे लिहून तुला कळणार नाही.

आता एप्रिल चाललाय. परीक्षा संपली की घरी जाशील, पोती अजून आढ्याखाली असतील. शंभरातले किती उगवले, तुमच्या पोत्यातले आणि काकांच्या पोत्यातले, दोन्ही आकडे मला लिहून पाठव.

तुझी,
ताई